संसदेने जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिलेले जेपी, त्यांचं डायलिसिस आणि झोपेची राहून गेलेली गोष्ट

मार्च १९७९. पंतप्रधान मोरारजी देसाई लोकसभेत उभे राहिले आणि त्यांनी जयप्रकाश नारायण गेल्याची बातमी सभागृहाला दिली. श्रद्धांजली वाहिली गेली, कामकाज थांबलं. आकाशवाणीचे नेहमीचे कार्यक्रम बंद झाले. शाळा सुटल्या, दुकानांची शटर खाली आली.

गडबड एकच होती. जेपी जिवंत होते.

ते मुंबईत जसलोक हॉस्पिटलच्या खाटेवर होते. बातमी चुकीची असल्याचं कळल्यावर सरकारची चांगलीच पंचाईत झाली. पुढे काही आठवड्यांनी जेपींना हा प्रकार सांगितला तेव्हा ते नुसते हसले, असं म्हणतात.

हा किस्सा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. पण पाटण्यात राहणारा हा माणूस वारंवार मुंबईच्या हॉस्पिटलात का असायचा, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. उत्तर एका शब्दात आहे, डायलिसिस. आयुष्याची शेवटची जवळपास चार वर्षं जेपी डायलिसिसवर होते. आणीबाणी उठली, निवडणूक झाली, इंदिरा गांधी हरल्या, देशात पहिलं बिगरकाँग्रेस सरकार आलं. हे सगळं घडत असताना या सगळ्याच्या मध्यभागी असलेल्या माणसाचं रक्त ठरलेल्या दिवशी यंत्रातून गाळून घ्यावं लागत होतं.

आज आपल्याकडे गल्लीत एखादा तरी डायलिसिसचा पेशंट असतो. त्यामुळे जेपींची गोष्ट या बाजूने बघण्यासारखी आहे. आणि ती बघताना या आजारातल्या एका गोष्टीबद्दल बोलायलाच हवं, ज्याबद्दल पेशंट सांगत नाही आणि घरचे विचारत नाहीत. ती गोष्ट म्हणजे रात्रीची झोप.

पण आधी जेपी कोण होते, ते थोडक्यात बघू.

सिताबदियारा ते नाशिक रोड

जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा. गाव सिताबदियारा, गंगा आणि घाघरेच्या संगमाजवळचं. १९२० मध्ये त्यांचं लग्न प्रभावतीदेवींशी झालं. पुढे जेपी शिकायला गेले तेव्हा प्रभावतीदेवी गांधीजींच्या साबरमती आश्रमात राहिल्या.

असहकार आंदोलनात जेपींनी परीक्षा तोंडावर असताना कॉलेज सोडलं. १९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले. घरून पैसे यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी फळबागांत काम केलं, हॉटेलात भांडी घासली. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जात सात वर्षं काढली. गेले होते विज्ञान शिकायला, परतले समाजशास्त्राची पदवी आणि मार्क्सचे विचार घेऊन.

१९२९ मध्ये ते भारतात आले आणि काँग्रेसच्या कामाला लागले. १९३२ मध्ये अटक झाली आणि त्यांची रवानगी झाली आपल्या नाशिकच्या तुरुंगात. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी तरुण मंडळी भेटली. तुरुंगातल्या या चर्चांमधून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. महाराष्ट्रातल्या समाजवादी चळवळीची मुळं शोधत गेलात तर नाशिकच्या याच तुरुंगापाशी पोहोचता.

झोप हिरावून घेणारा किल्ला

१९४२ ची दिवाळी. जेपी हजारीबागच्या तुरुंगात होते. ९ नोव्हेंबरच्या रात्री तुरुंगात दिवाळीची धामधूम चालू असताना जेपी आणि त्यांचे पाच साथीदार धोतरांना गाठी मारून केलेल्या दोरावरून भिंत ओलांडून पसार झाले. तिथून ते नेपाळच्या तराईत गेले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला. या एका रात्रीने ते देशभरच्या तरुणांचे हिरो झाले.

सप्टेंबर १९४३ मध्ये पंजाबात रेल्वेप्रवास करताना ते पकडले गेले आणि त्यांना लाहोरच्या किल्ल्यात नेलं गेलं. तिथे तासन् तास चौकशी चालायची. माणूस मोडण्यासाठी पोलिसांकडे एक जुनं हत्यार होतं. कैद्याला झोपूच द्यायचं नाही. डोळा लागला की उठवायचं, पुन्हा प्रश्न विचारायचे. जेपींवर हेच केलं गेलं. त्याच किल्ल्यात राममनोहर लोहियांवरही हाच प्रयोग झाला.

झोप न देणं हा छळ आहे हे जगभरचे पोलीस ओळखून होते, कारण काही रात्री झोप मिळाली नाही की माणसाचा मेंदू, मूड, सहनशक्ती सगळं ढासळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एप्रिल १९४६ मध्ये सुटका झाली. स्वातंत्र्यानंतर सत्तेत जायची संधी असूनही जेपी बाहेर राहिले. १९५४ मध्ये त्यांनी विनोबांच्या भूदान चळवळीला आयुष्य वाहिलं. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावतीदेवी कॅन्सरने गेल्या. जेपी एकटे पडले. वय सत्तर, मधुमेह जडलेला, हृदयाचंही दुखणं. राजकारणातून निवृत्त होण्यासाठी याहून जास्त कारणं लागत नाहीत.

पण १९७४ मध्ये बिहारचे विद्यार्थी त्यांच्या दारात आले.

संपूर्ण क्रांती आणि पहाटेची अटक

महागाई, बेकारी, भ्रष्टाचार यांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्यांना नेतृत्व हवं होतं. आंदोलन अहिंसक राहील या अटीवर जेपी तयार झाले. त्याच उन्हाळ्यात वेल्लोरला त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते उरकून आले आणि ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नोव्हेंबरमध्ये पाटण्यात लाठीमार झाला, तेव्हा नानाजी देशमुखांनी मध्ये पडून जेपींवरचे वार स्वतःवर घेतले.

२५ जून १९७५ च्या संध्याकाळी दिल्लीत रामलीला मैदानावर जेपींची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री आणीबाणी लागली. जेपी गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये झोपले होते. पहाटे तीनच्या सुमारास पोलीस आले, त्यांना उठवलं आणि घेऊन गेले. तेव्हा त्यांचं वय होतं ७२.

आधी हरयाणातलं सोहना, मग दिल्लीचं एम्स आणि जुलैच्या सुरुवातीला चंदीगडचं पीजीआय. पुढचे साडेचार महिने ते या हॉस्पिटलात नजरकैदेत होते. बोलायला माणूस नाही, भेटायला मोजकेच लोक. तिथे त्यांनी डायरी लिहिली, जी पुढे पुस्तक म्हणून छापली गेली. सप्टेंबरच्या अखेरीस पोटात दुखायला लागलं आणि तब्येत घसरतच गेली.

१२ नोव्हेंबरला सरकारने त्यांना पॅरोलवर सोडलं. २२ नोव्हेंबरला त्यांना मुंबईत जसलोकला आणलं. योगायोग बघा, हे हॉस्पिटल सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती आणि १९७३ मध्ये त्याचं उद्घाटन केलं होतं खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी.

जसलोकमध्ये मूत्रपिंडाचे डॉक्टर होते एम. के. मणी. तपासणीत कळलं की जेपींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. हे नेमकं केव्हा आणि कशामुळे झालं, कैदेत हेळसांड झाली का, यावर पुढे बराच वाद झाला. त्या घडीला मात्र उपाय एकच होता. डायलिसिस.

यंत्र करतं काय?

आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतं. ती बंद पडली की युरिया, पोटॅशियम, फॉस्फरस, जादा पाणी सगळं अंगातच साठतं.

डायलिसिसमध्ये रक्त नळीतून बाहेर काढतात, एका गाळणीतून फिरवतात आणि परत शरीरात सोडतात. नेहमीची पद्धत म्हणजे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आता हिशोब करा. निरोगी मूत्रपिंडं आठवड्याचे १६८ तास काम करतात. यंत्र करतं १२ तास. म्हणजे दोन डायलिसिसच्या मधल्या काळात घाण आणि पाणी साठत राहतं. आपल्याकडे तर खर्चामुळे आणि अंतरामुळे बरेच पेशंट आठवड्यातून दोनदाच करून घेतात.

जेपींच्या वेळी तर हे उपचार देशात मोजक्याच ठिकाणी होते. घरी परतायचं तर घरी यंत्र हवं. त्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा केली. इंदिरा गांधींकडूनही पंतप्रधान मदत निधीतून ९० हजार रुपये आले. जेपींनी ते परत केले. जनतेच्या पैशातून आलेलं यंत्र पाटण्याच्या घरी बसलं आणि जेपींच्या आयुष्याचं वेळापत्रक ते यंत्र ठरवू लागलं.

जानेवारी १९७७ मध्ये अचानक निवडणूक जाहीर झाली. विरोधी पक्षांना एकत्र बांधायला जेपींशिवाय कुणी नव्हतं. डायलिसिसचा दिवस सोडून सभा घ्यायची, परत येऊन यंत्राला जोडून घ्यायचं, अशा कसरतीत त्यांनी प्रचार केला. दिल्लीतल्या एका रविवारच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनवर बॉबी सिनेमा लावला गेला, तरी मैदान भरलं. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ देणारे जेपी थकलेले होते, पण जिंकलेले होते.

यानंतर मे महिन्यात ते उपचारांसाठी अमेरिकेतल्या सिएटलला गेले. सिएटलच का, तर दीर्घकाळ चालणाऱ्या डायलिसिसची सुरुवातच तिथली. पूर्वी प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागायची, त्यामुळे काही वेळा डायलिसिस झालं की जागाच उरायची नाही. १९६० मध्ये तिथल्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बनवली आणि मूत्रपिंडं गेलेला माणूस वर्षानुवर्षं जगू शकेल हे सिद्ध झालं.

स्क्रिब्नर यांच्या सिएटलमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. पेशंटला रात्री, झोपेतच डायलिसिस द्यायचं. दिवस मोकळा राहावा, माणसाला कामावर जाता यावं, हा त्यामागचा विचार. त्यातून झोपेलाही फायदा होऊ शकतो, हे कळायला मात्र अनेक वर्षं जावी लागली.

आता मुद्द्याचं: डायलिसिसवर झोप का लागत नाही?

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये डायलिसिसवर असलेल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी झोपेची तक्रार सांगितली आहे. ही म्हातारपणाची किंवा टेन्शनची साधी तक्रार नाही. तिची कारणं शरीरात आहेत.

पहिलं कारण, पाय. संध्याकाळ झाली, माणूस आडवा झाला की पायात वळवळ सुरू होते. किडे चालल्यासारखं वाटतं, पाय हलवावेसे वाटतात. उठून चाललं की बरं वाटतं, परत पडलं की पुन्हा तेच. याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात. शरीरातलं लोह कमी असणं आणि मेंदूतल्या डोपामिनचं गणित बिघडणं याच्याशी त्याचा संबंध आहे. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. घरच्यांना वाटतं, हे उगाच रात्रभर फेऱ्या मारतात.

दुसरं कारण, श्वास. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर सरकतं आणि मानेपर्यंत येतं. घसा अरुंद होतो. माणूस मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दचकून जाग येते. हा झालेला असतो स्लीप ॲप्निया. पेशंटला सकाळी यातलं काहीच आठवत नाही. दिवसभर डोळ्यांवर झापड मात्र असते.

तिसरं कारण, खाज. फॉस्फरस वाढला, रक्तातली घाण नीट निघाली नाही की अंगाला खाज सुटते आणि ती बहुधा रात्री वाढते. सोबत पायात पेटके येतात. पाणी मोजून प्यायचं असल्याने घसा कोरडा पडतो तो वेगळाच.

चौथं कारण, उलटं झालेलं घड्याळ. रात्र झाली की शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि झोप येते. मूत्रपिंडाच्या आजारात ही रात्रीची वाढ मंदावते. त्यात पेशंट खुर्चीत चार तास यंत्राला जोडलेला असतो, तेव्हा तो झोपतो. घरी येऊन थकव्याने पुन्हा झोपतो. मग रात्री झोप येणार कुठून? पहिल्या शिफ्टला नंबर असेल आणि घर लांब असेल तर पहाटे उठावं लागतं, म्हणजे उरलेली झोपही गेली.

आणि पाचवं कारण मनातलं. पैसे कुठून आणायचे, मुलांचं काय, आपण ओझं झालो का, हे विचार रात्रीच येतात. नैराश्य झोप उडवतं आणि झोप उडाली की नैराश्य वाढतं.

लाहोरच्या किल्ल्याचा मुद्दा आता लक्षात येईल. झोप हिरावली की माणूस मोडतो, हे ज्या कुणाला माहीत होतं त्याने त्याचं हत्यार केलं. हा आजार तेच काम रोज रात्री करतो. आणि आपण मात्र पेशंटची चिडचिड बघून म्हणतो, आजारपणात स्वभाव बदलला.

मग यावर उपाय आहेत का?

आहेत, पण आधी कारण शोधावं लागतं. गंमत म्हणजे इथेही सिएटलचं नाव येतं. तिथल्या आणि अल्बुकर्कीच्या संशोधकांनी झोप न येणाऱ्या डायलिसिसच्या १२६ पेशंटवर एक चाचणी केली. काहींना झोपेसाठीचं समुपदेशन दिलं, काहींना नेहमी वापरली जाणारी गोळी, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे इतर लोकांना लागू पडणारे उपाय डायलिसिसच्या पेशंटला तसेच लागू पडतील असं नाही.

याउलट २००१ मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी दाखवलं की तेच पेशंट रात्रभर संथ गतीने चालणाऱ्या डायलिसिसवर गेले तेव्हा त्यांच्या झोपेतलं श्वास थांबणं कमी झालं. अभ्यास लहान होता, १४ पेशंटचा. पण त्यातून दिसलं ते असं की रक्त जास्त वेळ, जास्त चांगलं गाळलं तर झोपही सुधारू शकते. आपल्याकडे रात्रीच्या डायलिसिसची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. तरी तत्त्व तेच राहतं. डायलिसिस न चुकवणं आणि पूर्ण वेळ घेणं हे झोपेसाठीसुद्धा औषध आहे.

बाकी गोष्टी साध्या आहेत. पायात वळवळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते रक्तातलं लोह तपासतील. खाज असेल तर फॉस्फरस आणि पथ्य बघतील. घोरताना श्वास अडकत असेल तर ते पेशंटला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याने सांगायला हवं. डायलिसिसच्या खुर्चीत सगळा वेळ झोपून काढू नका. जमेल तेवढं चाला. आणि मेडिकलमधून मनाने झोपेची गोळी आणू नका. काही औषधं मूत्रपिंडातून बाहेर पडतात. ती बंद असतील तर औषध अंगात साठतं आणि साधा डोसही जड जाऊ शकतो.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली. जेपींसाठी लोकांना वर्गणी काढावी लागली होती, ते यंत्र आज जिल्ह्याच्या गावी मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे. पण तिथल्या रांगेत वजन विचारतात, बीपी विचारतात. झोप लागते का, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

शेवटची सात महिने

संसदेने श्रद्धांजली वाहिल्यानंतर जेपी जवळपास सात महिने जगले. मधल्या काळात जनता पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत फुटला. जुलैमध्ये मोरारजींचं सरकार पडलं. ज्यासाठी त्यांनी शरीर पणाला लावलं होतं ते उणंपुरं अडीच वर्षंही टिकलं नाही.

८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात जेपी गेले. ७७ वा वाढदिवस तीन दिवसांवर होता. या वेळची बातमी खरी होती. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

जेपींबद्दल बोलताना आपण मैदानं मोजतो. गांधी मैदान, रामलीला मैदान. पण शेवटच्या चार वर्षांत प्रत्येक सभेच्या अलीकडे आणि पलीकडे एक यंत्र होतं, आणि त्या यंत्राच्या दोन फेऱ्यांमध्ये रात्री होत्या. सभेला लाखो लोक असायचे. रात्री माणूस आपल्या शरीरासोबत एकटा असतो.

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कुणी डायलिसिसवर असेल तर त्यांची विचारपूस आपण करतोच. क्रिएटिनिन किती, पाणी किती काढलं, पुढचा नंबर कधी. या वेळी एक प्रश्न जास्त विचारा, रात्री झोप लागते का? आणि उत्तर नाही आलं तर ते पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घाला.